लॅपटॉपचा बंदोबस्त

बेळगुंदीतल्या आमच्या घरात मोबाइलला रेंज येते ती फक्त माळ्यावर. लॅपटॉपचं वायफाय तर कधीच मेलंय. म्हणून फोन माळ्यावर ठेवायचा आणि ब्लूटूथवरून नेट खाली ओढायचं, ही माझी युक्ती.

परवा मला काय सुचलं कुणास ठाऊक! लॅपटॉपच्या लिनक्स सिस्टिमवर मी कडक सुरक्षा बसवली. माझ्या परवानगीशिवाय आत काहीच हलणार नाही. शेताला जाताना आमच्या दाराला नुसती कडी असते, पण लॅपटॉपला बंदोबस्त पाहिजे! "आता चोराची छाती न्हाय व्हायची," असं आईला ऐटीत सांगूनही टाकलं.

दुसऱ्या दिवशी नेट गायब. माळ्याची शिडी चढून-उतरून माझे गुडघे बोलायला लागले. फोनला शिव्या घातल्या, टॉवरला घातल्या. शेवटी स्क्रीनवरची ओळ नीट वाचली. ब्लूटूथच्या नेटला माझ्याच सुरक्षेनं अडवलं होतं. त्याला परवानगी द्यायचं मीच विसरलो होतो.

आई तांदूळ निवडत सगळं बघत होती. म्हणाली, "एवढा बंदोबस्त केलास, घावला काय रं कोण चोर?"

"व्हय, एक घावलाय. घरचाच निघाला," म्हटलं आणि गुमान जेवायला बसलो.