तुटणारे कनेक्शन आणि वाघमारे सरांचा महिना

अशा गोष्टी एकेकट्या कधी येत नाहीत. एक सांगायला घेतली की तिच्यामागे चार उभ्या असतात. म्हणून आधीच नोंदवतो : हे किस्से मी गेल्या मार्चमधल्या एका रविवारी, चुडावा स्थानकावर, दीड तास उशिरा आलेल्या पॅसेंजरची वाट पाहताना, खुद्द वाघमारे सरांकडून ऐकले. डायल-अप इंटरनेटच्या काळात वालूरच्या एका संगणक केंद्रात ते एकमेव शिक्षक होते आणि दुरुस्ती करणारेही तेच. मी संगणकशास्त्रात एम.एस्सी. केले आहे; तांत्रिक तपशील मी तपासून घेतले. संताप मात्र आवरता आलेला नाही.

केंद्राच्या संगणकांवर लिनक्स ही मोफत कार्यप्रणाली बसली ती संस्थेच्या अध्यक्षांच्या संमतीने. "फुकट हाय? मग घाला की!" एवढीच चर्चा झाली. पुढे कनेक्शन दिवसातून तीनदा तुटू लागले, तेव्हा तेच अध्यक्ष म्हणाले, "फुकटाचं हाय म्हणूनच तुटायलंय! महिनाभरात टिकलं तर टिकलं, न्हाई तर ते बी काढू आन् तुमाला बी!"

सरांची नोकरी अशी एका वायरीवर लटकली.

*

टेलिफोनच्या लाइनवर खरखर होती. सरांनी लाइनमनला बोलावले. त्याने रिसीव्हर कानाला लावला, दोनदा "हॅलो" केले आणि निर्णय दिला, "सर, मला तर साफ ऐकू यायलंय. तुमच्या मशीनलाच कमी ऐकू येतं!"

खांबाजवळचा गंजलेला जोड शेवटी सरांनीच घासून साफ केला. लाइनमनने वहीत लिहिले : 'ग्राहकास समजावून सांगितले.'

*

कार्यालयातल्या शिंदेबाईंनी मोडेमला, म्हणजे फोनच्या लाइनवरून इंटरनेट जोडणाऱ्या डबीला, क्रोशाचे झाकण विणले. मोडेम आत तापायचा आणि अर्ध्या तासात कनेक्शन सोडायचा.

"बाई, याला गरम होतं."

"टीव्हीला हाय, मिक्सरला हाय, यालाच तेवढं उघडं ठेवायचं का सर? चार लोक येतात आपल्याकडं!"

दुसऱ्या दिवशी झाकण पुन्हा हजर! सरांच्या शब्दाला मान देऊन बाईंनी त्याला दोन खिडक्या विणल्या होत्या.

*

एक दोष सरांचा स्वतःचा होता, तोही नोंदवणे न्याय्य ठरेल. दहा मिनिटे काही हालचाल नसली की कनेक्शन आपोआप सोडावे, अशी ओळ त्यांनीच सेटिंगच्या फाइलमध्ये लिहिली होती. विद्यार्थी अर्जातला 'स्वतःविषयी लिहा' हा रकाना भरताना विचार करत बसायचे आणि तेवढ्यात कनेक्शन जायचे. सरांनी सर्वांसमोर चूक कबूल करून ती ओळ काढली.

त्या महिन्यात केंद्रात कबूल झालेली ही एकमेव चूक!

*

तरीही रोज सव्वाअकराच्या सुमारास कनेक्शन तुटतच होते. लॉगमध्ये, म्हणजे यंत्राने स्वतः ठेवलेल्या नोंदीत, दरवेळी एकच शेरा : 'मोडेम हँगअप'. लाइन मध्येच सुटली.

सरांनी अध्यक्षांना विचारले, "साहेब, याच लाइनवर दुसरा फोन आहे का? तो उचलला की आपलं कनेक्शन जातं."

"वर माझ्या खोलीत हाय. पण माझ्याशिवाय त्याला कुणी हात लावत न्हाई!"

महिन्याचा शेवटचा दिवस उजाडला. सगळे संचालक खाली संगणकासमोर जमले. दहा वाजल्यापासून कनेक्शन एकदाही तुटले नव्हते. सव्वाअकराला पडदा थिजला.

जिन्यावरून अध्यक्ष खाली आले.

"सर, लाइनला नावं ठेवू नका! रोजच्यासारखं आत्ताच वरचा फोन उचलून बघितलो मी. किर्रर्र आवाज यायलाय, लाइन एकदम टकाटक हाय. दोष तुमच्या लिनक्सचाच!"

सव्वाअकराच्या नोंदीची छापील प्रत सरांनी जपून ठेवली आहे. ती मी पाहिली. त्याच तारखेचे, सरांना कामावरून कमी केल्याचे पत्रही पाहिले. अध्यक्षांच्या या वाक्याला सगळ्या संचालकांनी टाळ्या वाजवल्या, असे सर सांगतात. तेवढे मात्र मला शेवटपर्यंत पडताळता आले नाही.