चार हायड्रोजन आणि एक बत्ता

सूर्य कसा चालतो हे मला पूर्ण समजलेलं आहे. मालवीय नगरातल्या एका शाळेचं मत वेगळं आहे, पण ते त्यांचं मत.

मी विमा कंपनीतला, साताऱ्याहून बदलीवर जयपूरला आलेला माणूस. मुलगी इरा आठवीत. संक्रांतीच्या आठवड्यात तिच्या शाळेत विज्ञान प्रदर्शन होतं आणि त्यातला एकच प्रकल्प जिल्ह्याला जाणार होता. इराचा विषय ‘सूर्याची ऊर्जा’. महिनाभर खपून तिने तक्ते रंगवले होते. तिला निवड इतकी हवी होती, की जेवतानाही ती हायड्रोजन पुटपुटायची.

“तक्ते कोण वाचतंय?” मी म्हणालो. “प्रयोग पाहिजे. सूर्यात हायड्रोजनची चार केंद्रकं दाबली जाऊन एक हीलियम होतं. त्याचं वजन किंचित कमी भरतं, आणि जे कमी भरलं तेच आपलं ऊन. आपण तिळगुळाचे चार लाडू दाबून एक करू!”

“बाबा, मतलब, तुम्ही नुसते उभे नाही राहू शकत का?” इरा म्हणाली.

“अहो, पाक गरम आहे तोवरच लाडू वळतात,” बायको म्हणाली. “गार झाल्यावर दगड होतो त्यांचा.”

स्वयंपाकघरातल्यांना अणूतलं काय कळतंय? (हे मनात. मोठ्याने म्हणण्याइतका मी शूर नाही.)

प्रदर्शनात बस्सीहून आलेले परीक्षक हातात चहाचा कप घेऊन आमच्या टेबलापाशी थांबले. मी इराच्या पुढे झालो आणि चार लाडू तळव्यांत धरून दाबले. ढिम्म. कोपराने दाबले. कोपर सुजलं. मग मी पिशवीतून खलबत्त्यातला बत्ता काढला (तयारी पूर्ण होती) आणि हाणला.

चाराचे चाळीस झाले. एक तुकडा थेट परीक्षकांच्या चहात पडला.

“भाईसाहब, जोड़ना था,” ते शांतपणे म्हणाले. “आपने तो तोड़ दिया.”

“सिद्धांत बरोबर है सर, लाडू चुकीचा है,” मी म्हणालो आणि पुन्हा हाणला. या वेळी टेबलाचा पाय गेला आणि महिन्याभराचे तक्ते जमिनीवर आले.

इराच्या डोळ्यांत पाणी आलं. पण तिने बाहीला डोळे पुसले आणि ती ताठ उभी राहिली.

“सर, न्यूक्लियस भी ऐसे ही एक-दूसरे को धकेलते हैं. ठंडे में नहीं जुड़ते. सूरज के अंदर डेढ़ करोड़ डिग्री है, ऊपर से इतना दबाव, तब जाकर जुड़ते हैं. पापा के पास सिर्फ़ बत्ता है.”

परीक्षक हसले, आणि इराची निवड झाली. निवडीच्या पत्राखाली एक ओळ हाताने लिहिली होती: पालकांनी कृपया सभागृहाबाहेर थांबावे.

जिल्ह्याची फेरी एप्रिलमध्ये, सीतापुऱ्याच्या एका कॉलेजात होती. मी गेलो. बाहेर थांबा म्हणतात? थांबलो, भर दुपारी, मैदानाच्या मध्यभागी. वॉचमन दोनदा म्हणाला, “छाँव में आ जाइए.” मी हललो नाही. शेवटी मानाचा प्रश्न होता.

सूर्याची ऊर्जा पृथ्वीपर्यंत व्यवस्थित पोचते, हे त्या दिवशी मी माझ्या टकलावर सिद्ध केलं. आणि हा प्रयोग पहिल्याच फटक्यात यशस्वी झाला.