बहिणीच्या गावी, पाहुण्यांच्या रांगेत

पुण्यात मी सकाळी ज्या टेकडीवर फिरायला जातो, तिथल्या मंडळींच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर एक पत्रक आलं. तीन दिवसांची पायी सहल, सोबत मार्गदर्शक, बुलढाण्याच्या डोंगरातली अपरिचित गावं. अपरिचित म्हणजे कोणाला, ते काही लिहिलेलं नव्हतं. खाली हाताने काढलेला नकाशा होता. ठिपक्यांच्या रेघेवर चार गावं, आणि त्यात दुसऱ्या दिवशीच्या दुपारच्या जेवणाचं गाव माझ्या बहिणीचं. मी त्याच संध्याकाळी नाव नोंदवलं.

आम्ही दोनच भावंडं, जानेफळच्या बाजूची. ती माझ्याहून पाच वर्षांनी मोठी. मी तिला बाई म्हणतो. म्हणजे म्हणायचो, कारण दहा वर्षांत आम्ही एकमेकांशी बोललो नव्हतो. आई-वडील केव्हाच गेले. मी लग्न केलं नाही, सरकारी कचेरीत पुण्यात नोकरी केली, तिथेच निवृत्त झालो. एक खोली, एक स्वयंपाकघर, आणि दाराची बेल वाजली तर समजायचं की गॅसवाला आलाय.

दहा वर्षांपूर्वी तिच्या मुलीचं लग्न ठरलं आणि ते मला छापील पत्रिकेवरून कळलं. मी सख्खा मामा, एकुलता एक. मुलगा बघताना नाही, बोलणी करताना नाही, थेट पत्रिका! तीही फोटो काढून फोनवर. मला जे झोंबलं ते झोंबलंच. मी कळवून टाकलं की मला यायला जमेल असं वाटत नाही.

आमच्याकडे मामा रुसतोच. रुसला नाही तर लोकांना चुकल्यासारखं होतं. मग चार माणसं त्याच्या दारात येतात, चहा होतो, दोन्हीकडून थोडी आरडाओरड होते, आणि मामा टोपी घालून निघतो. मांडवात नवरीला घेऊन येणं आणि तिच्या मागे उभं राहणं हे त्याचं काम, त्याच्याशिवाय अडतं. त्या हिशेबाने मीही बसलो होतो. भाचीसाठी साडी घेतली होती, बॅग भरून दारामागे ठेवली होती. एवढंच लक्षात घेतलं नाही की मी पुण्यात आहे, आणि ऐन लग्नघाईत डोंगरावरच्या गावातून माझी मनधरणी करायला चार माणसं पुण्याला कोण पाठवणार? लग्नाच्या दिवशी दुपारपर्यंत मी कपडे घालून बसलो होतो. मग बॅग रिकामी केली. चूक माझी होती हे मला वर्षभरातच कळलं, पण फोन उचलून ते सांगायला जो मोकळेपणा लागतो तो माझ्याकडे कधीच नव्हता. दर दिवाळीला वाटायचं, आता तिचा येईल. भाऊबीजेबद्दल मी काही लिहीत नाही.

म्हणून ही सहल मला सोयीची वाटली. भाऊ म्हणून तिच्या दारात जायची माझी हिंमत नव्हती. पण नऊ जणांमधला एक म्हणून गावात जाता येणार होतं. ती बघेल, ओळखेल, हाक मारेल. तिने हाक मारली की पुढचं सगळं मी करणार होतो. थोडक्यात, साठी उलटली तरी मी अजून मनधरणीच्या आशेवर होतो.

मलकापूरला पहाटे गाडीतून उतरलो. भाची याच गावात दिलेली, हे पत्रिकेवरून माहीत होतं. चहाच्या टपरीजवळ उभा राहून तिशीच्या बायकांच्या चेहऱ्यांकडे मी उगाच बघत होतो. वीस वर्षांची असताना तिला शेवटचं पाहिलेलं, समोर आली असती तरी ओळखली नसती. जीपवाला म्हणाला, "बसा ना बाबूजी, कुठं जाऊन राह्यले?" मी पुणेरीत उत्तर दिलं. आमच्यातल्या दोघातिघांना ते ‘जाऊन राह्यले’ फार आवडलं. मग दिवसभर कोणी पाणी मागितलं की दुसरा ‘का?’च्या ऐवजी विचारायचा, "काऊन?" आणि सगळे हसायचे. मीही हसलो. त्याची लाज मला आजही वाटते.

मार्गदर्शक बाई मलकापूरच्याच, पूर्वी शाळेत खेळ शिकवायच्या. चाळिशीच्या, खणखणीत आवाजाच्या. घाटाखालून घाटावर त्या आम्हाला चढवत नेत होत्या. उतारावर प्रत्येकाची जोडी ठरवून द्यायच्या, एकाने दुसऱ्याकडे लक्ष ठेवायचं. नऊ माणसं, त्यात चार जोडपी. उरलेला मी त्यांच्या वाट्याला आलो. दिवाळी होऊन पंधरवडा झाला होता. उतारावर सीताफळं डोळे उघडत होती, वरच्या सपाटीवर तूर पिवळी झालेली, कापूस वेचणाऱ्या बायका मान वर करून आमच्या काठ्यांकडे बघायच्या. बाकीचे फोटो काढायचे आणि एकमेकांना दाखवायचे. मीही दोन काढले. दाखवायला कोणी नव्हतं, मग फोन खिशात ठेवला.

दुसऱ्या दिवशी साडेअकराला बहिणीचं गाव आलं. गावाच्या तोंडाशी तीन बायका ओवाळणीची ताटं घेऊन उभ्या होत्या. बचत गटाच्या. पाहुण्यांना ओवाळायचं, कुंकू लावायचं, मग पारावर जेवण, असा कार्यक्रम ठरलेला होता. त्या तिघींत मधली म्हणजे बाई, माझी बहीण.

केस पांढरे झाले होते. बाकी उभं राहण्याची ढब तीच, एक खांदा जरा खाली. मी टोपी काढली. निदान तेवढं तरी केलं. ती रांगेतल्या पहिल्याला ओवाळून दुसऱ्याकडे गेली, मग तिसऱ्याकडे. मी रांगेत आठवा होतो. माझ्यासमोर आली, मान वर केली, माझ्याकडे बघितलं. पापणीसुद्धा हलली नाही. मग तिने ताट शेजारच्या बाईच्या हातात दिलं आणि ती पाण्याची कळशी आणायला निघून गेली. मला त्या दुसऱ्या बाईने ओवाळलं.

पंगत बसली. भाकर, पिठलं, वांग्याची भाजी, ठेचा. बाई वाढायला होती. माझ्यापाशी येऊन म्हणाली, "अजून घ्या ना साहेब. लाजू नका." सगळ्यांना म्हणत होती तसंच, त्याच आवाजात. ज्या बाईने मला मानगूट धरून शाळेत नेलं, ती मला अहो-जाहो करत होती. मी भाकर घेतली. तिने आणखी एक वाढली, तीही घेतली. तीन भाकरी खाल्ल्या मी, मान खाली घालून.

जेवणानंतर मार्गदर्शक बाईंनी सगळ्यांना आपापली ओळख करून द्यायला सांगितली. माझी पाळी आली. मी म्हणालो, "पुण्याचा. चालायची आवड आहे." बाई पाराच्या कडेला तांब्या घेऊन उभी होती. तिने विचारलं, "आमच्या इकडं आधी कधी आले होते काय?"

हीच ती हाक होती. तिने दार उघडून धरलं होतं. समोर आठ माणसं, सगळी माझ्याकडे बघत होती, आणि मी म्हणालो, "नाही."

"बरं," ती म्हणाली आणि पुढच्याला पाणी द्यायला गेली.

आम्ही निघालो. गावाबाहेर पाऊण तास चाललो असू. उतार लागला तशा मार्गदर्शक बाई माझ्या शेजारी आल्या आणि म्हणाल्या, पाय दुखतोय का? मी थांबलो. इतक्या वर्षांत जी भाषा मी तोंडातून काढली नव्हती, ती आपोआप आली. "ते वाढून राह्यली होती ना, ते माही बहीन आहे. सख्खी."

त्यांनी काठी जमिनीत रोवली. "मंग सकाऊन काऊन नाही सांगतलं? तुमाले घरीच नेऊन सोडलं असतं. पंगतीत कायले बसले?" त्या रागावल्या होत्या आणि त्यांचं बरोबर होतं. मग म्हणाल्या, आमचं सामान घेऊन जाणारी जीप चार वाजता गावातून निघते, तिच्यात बसून मुक्कामी या, नाहीतर फोन करा. वर्गातल्या पोराला घरी पाठवावं तसं त्यांनी मला मागे पाठवलं.

बाई हापशीवर परात घासत होती. एकटीच. मेव्हणे धाड गावच्या बाजाराला गेले होते, हे नंतर कळलं. मी जवळ जाऊन उभा राहिलो. तिने वर न बघता विचारलं, "काही विसरलं काय साहेब?"

"बाई, मी आलो."

"दिसलं ना मले. नऊ जनाइच्या मागं लपून आला."

"तू मले ओवाळलं नाही."

"तमाशात ओवाळू काय तुले?" ती म्हणाली. आता तिचे हात थांबले. "अन् आधी आला होता काय इचारलं, तं नाही म्हने. माह्या डोहाळजेवनाले कोन आलं होतं इथं?"

मी हापशीचा दांडा धरला आणि हापसायला लागलो. दुसरं काय करावं सुचेना. तिने परात धुतली, दुसरी घेतली. हापसता हापसताच मी ते बोललो. मी रुसलो होतो, कोणीतरी बोलवायला येईल म्हणून बसलो होतो, साडी घेतली होती, बॅग भरली होती, चुकलो. सगळं एका दमात, पाण्याच्या आवाजात. शेवटी विचारलं, "लग्नात मामा म्हनून कोन उभं राह्यलं?" दहा वर्षं मी मनातल्या मनात तिथे आमच्या एका चुलतभावाला उभं करत आलो होतो. मला त्याचा रागही होता.

"कोनी नाही," बाई म्हणाली.

मी थांबलो.

"मुहूर्त झाला तरी मी रस्त्याकडंच पाहून राह्यली होती. भटजी ओरडून राह्यले. लोक म्हने, चुलतमामाले उभा करा. पोरगी नाही म्हने. मले मामा आहे म्हने, तो नाही आला तं मी एकटी जातो. मांडवात एकटी चालत आली ते. मांगं कोनीच नव्हतं."

हापशीच्या तोंडातून राहिलेलं पाणी थेंब थेंब पडत होतं. मला रडू आलं आणि मी ते लपवलं नाही. बाईने मला रडू दिलं. जवळ आली नाही, गप्प बसही म्हणाली नाही. परात पालथी घातली, हात पदराला पुसले आणि कमरेला खोचलेला फोन काढला.

"कोणाला?" मी विचारलं.

"जिचं तू नुकसान केलं तिले."

फोन लागला. बाईने आवाज मोठा केला आणि फोन आम्हा दोघांच्या मधे, हापशीच्या कट्ट्यावर ठेवला. मागे कुठेतरी लहान मूल ओरडत होतं, कुकरची शिट्टी झाली. बाई म्हणाली, "तुहा मामा आला."

पलीकडे मुलाचा आवाज बंद झाला, बहुतेक तिने त्याला गप्प केलं असावं. मी फोनकडे बघत होतो. कट्ट्याचं पाणी हळूहळू त्याच्याकडे सरकत होतं आणि ते पुसायला हात पुढे करायचंही मला धाडस होईना.

"बोलतं काय?" बाईने विचारलं.

"आता नाही," भाची म्हणाली. आवाज बाईसारखाच होता, जरा जाड. मला वाटलं, ती आता फोन ठेवेल. ठेवला नाही. मग तिने विचारलं, "जेवले काय ते?"

बाईने माझ्याकडे बघितलं. माझ्या पोटात तिच्याच हातच्या तीन भाकरी होत्या.

"नाही," ती म्हणाली. "अजून जेवला नाही."

मग ती फोन घेऊन घराकडे चालायला लागली, आणि मी परात उचलून तिच्या मागे गेलो.