पानाआडचे मासे

तर ती पाण्यात उतरली, काल इथवर आलो होतो. ती म्हणजे माझी नात गीतांजली. मोर्शीकडच्या आमच्या संत्र्याच्या बगीच्यात वाढलेली पोरगी, अन् नोकरी लागली ती दूर एका बेटावर, समुद्राखाली मासे मोजायची! मी गावच्या शाळेत चौथी शिकलेलो. मला हसू आवरेना.

"मासे मोजता येते काय वं? ते का हजेरीले उभे राह्यतात?"

"नाई राह्यत ना, आबाजी! काही बुडबुड्यायले भेतात, काही उलटे पाहाले येतात. एखादा मागून फिरून येते अन् दोनदा मोजल्या जाते."

म्हणून नियम असा की, प्रवाळावर फीत टाकायची अन् तिच्या अल्याडपल्याड डोळ्यांना दिसले तेवढेच पाटीवर लिहायचे.

पाच वर्षं तिनं लिहिले. यंदा दामिनी नावाची दुसरी मोजणारी सोबत आली. एकाच फितीवर दोघी. दामिनीचे एकेचाळीस, हिचे सत्त्याहत्तर. पुन्हा उतरल्या, पुन्हा तसंच.

आता आमची रीत ऐका. बहार, म्हणजे झाडावरचं उभं पीक, विकताना झाडाची समोरची फळं मोजायची, पानाआडची तेवढीच धरायची. सहा वर्षांच्या गीतांजलीला खांद्यावर बसवून हे मीच शिकवलं, मोठ्या कौतुकानं. तेच ती पाण्यात, नकळत, करत राहिली. मासे कमी दिसले की आड लपले असतील म्हणून जास्तच धरायची. इकडे प्रवाळ पांढरं पडत गेलं, मासे सरत गेले, अन् तिच्या पाट्यांवर सगळं भरलेलं. त्या भरवशावर तिथं मासेमारीची जाळी चालूच राहिली.

मे महिन्यात घरी आली ती तोंड उतरवून. जेवेना. खरं सांगितलं तर पाच वर्षांचं काम केरात, अन् नोकरीही जायची.

मी म्हटलं, "कोणाले कळते वं? दामिनीच चुकली म्हण. नाईतं सांग, बुढ्यानं शिकवलं."

एरवी खिदळली असती. आज नाही. मी विचारलं, "मंग, काय करतं?"

"खरं लिहून हापिसले मेल सकायीच धाडला, आबाजी. आता ते विचारतीन, खरे किती होते? ते मले कधीच सांगता येणार नाई."