कॅनव्हासवरची नदी वाळेना

मी केमिस्ट्रीच्या प्राध्यापकाची बायको आहे. आमच्या दाराला लिंबू-मिरची लागत नाही. मांजर आडवं गेलं तर आमचे हे गाडी थांबवतात, पण ते मांजर चाकाखाली येऊ नये म्हणून. भूत, बाधा, चमत्कार... कोणी असलं काही सांगायला लागलं की मी हळूच उठून चहा ठेवायला जायचे. पण जे माझ्या स्वतःच्या बोटांना लागलं, ते नाही कसं म्हणू? म्हणून इथं लिहून राहिले आहे. आणि आधीच सांगते, यात घाबरण्यासारखं काही नाही. माझ्या आयुष्यातली सगळ्यात आनंदाची गोष्ट आहे ही.

आम्ही पांढुर्ण्यात राहतो. घर साधंच, वर गच्ची आणि गच्चीवर टिनाची एक खोली. पूर्वी तिथं कूलर, गाद्या आणि मोडक्या खुर्च्या पडलेल्या असायच्या. ती खोली मी मागून घेतली, उत्तरेच्या भिंतीत मोठी खिडकी पाडून घेतली — उत्तरेचा उजेड दिवसभर फारसा बदलत नाही म्हणून — आणि तिला स्टुडिओ म्हणायला लागले. घरातले बाकी सगळे अजून ‘वरची खोली’च म्हणतात. सकाळी स्कूटीवर बाहेर पडायचं, कुठंतरी बांधावर बसून स्केच करायचं, मग घरचं आवरून वर जायचं आणि ऊन उतरेपर्यंत रंगवायचं. एका कपात चहा, दुसऱ्यात टर्पेंटाइन. ब्रश चुकून चहात बुडवणं तर रोजचंच. (उलटं एकदाच झालं, पण ते जाऊ द्या.)

मी फक्त लँडस्केप करते. माहेर सौसरचं, संत्र्याच्या बागेतलं. त्यामुळे झाडं, काळी माती, दुपारचा धुरकट उजेड हे सगळं हाताला आपोआप येतं. एक गोष्ट मात्र कधीच आली नाही. पाणी.

नागपूरच्या एका मोठ्या प्रदर्शनासाठी मी दरवर्षी चित्र पाठवायचे आणि दरवर्षी ते परत यायचं. एकदा परत न्यायला गेले तर निवड समितीतले एक वयस्कर चित्रकार तिथंच उभे होते. माझ्या नदीकडे बघत म्हणाले, “बाई, झाडं तुमची जिवंत आहेत. पाणी मेलेलं आहे.” वाईट मनाने नाही म्हणाले. म्हणूनच जास्त लागलं. येताना बसमध्ये ते चित्र मांडीवर उलटं धरून बसले होते मी.

पन्नाशी आली होती. मनाशी ठरवलं, आता शेवटचं एक. हेही परत आलं तर रंग कोणाला तरी देऊन टाकायचे आणि खोलीत पुन्हा कूलर ठेवायचे. घरी कोणाला काही बोलले नाही.

दिवाळी झाल्यावर सुरुवात केली. आमची जाम नदी सावरगावच्या वरच्या अंगाला एक वळण घेते. तिथं काळे खडक आहेत, एक वाकलेलं उंबराचं झाड आहे आणि त्याच्या सावलीत खोल डोह. मोठा कॅनव्हास ताणला आणि तो डोह घेतला. आकाश झालं, काठ झाला, उंबर तर असा उतरला की मीच खूश झाले. शेवटी पाणी भरलं.

माझ्या सासूबाईंचं — मी त्यांना आईच म्हणते — माहेर सावरगावचं. लहानपणी त्या याच डोहात पोहायच्या. गुडघ्यांमुळे त्या वर कमीच येतात, पण त्या दिवशी आल्या. चित्रासमोर बराच वेळ उभ्या राहिल्या.

“झाड एकदम सही काढलं व,” त्या म्हणाल्या. “पन पानी कुठी आहे?”

“हे काय, आई. हे निळं.”

“ते तं पेंट आहे माय.”

आणि जिना उतरून गेल्या. मी हसले, पण आतून ढासळले.

ऑइल कलरला वाळायला वेळ लागतो हे खरं. आठवडा, फार तर दोन. संक्रांतीपर्यंत आकाश वाळलं, खडक वाळले, उंबर वाळला. पाणी ओलं होतं. बोट लावलं की बोट निळं. मला वाटलं, रंगात तेल जास्त पडलं असेल. हे पण तेच म्हणाले, “जवसाचं तेल जास्त झालं असन तुझं. थांब थोडं.”

थांबले. नदीतलं पाणी ओसरायला लागलं, उन्हं तापायला लागली, आणि कॅनव्हासवरचा डोह होता तसाच ओला. मग चिडून मी सगळं पाणी पॅलेट नाइफने खरवडून काढलं, टर्पेंटाइनने पुसलं, पार खालचा कॅनव्हास दिसेपर्यंत. नवीन ट्यूब उघडल्या. पुन्हा रंगवलं. त्याच ब्रशने, त्याच मिश्रणाने काठावरचा एक खडकही दुरुस्त केला.

खडक वाळला. पाणी नाही.

आता ह्यांना चेव आला. घरात प्रयोगशाळाच मांडली म्हणा ना. माझ्या पॅलेटवरचा तोच रंग काचेच्या तुकड्यावर लावला, कॅनव्हासच्या एका तुकड्यावर लावला आणि दोन्ही त्याच खोलीत, चित्राच्या शेजारी ठेवले. दोन्ही वेळेवर वाळून कडक झाले. चित्रासमोर पंखा लावून ठेवला. शंभरचा बल्ब लावून पाहिला. मग कापसाच्या बोळ्यावर थोडा रंग घेऊन हे कॉलेजच्या लॅबमध्ये गेले.

संध्याकाळी ते परत आले. मी विचारलं, “काय निघालं?”

“काही नाही. साधा ऑइल पेंट आहे.”

“मग वाळत कायले नाही?”

“तेच तं समजून नाही राहिलं,” ते म्हणाले आणि चष्मा पुसत बसले. लग्नाला इतकी वर्षं झाली, पण त्यांच्या तोंडून हे वाक्य मी पहिल्यांदाच ऐकलं.

खरी गंमत उन्हाळ्यात कळली. आमच्याकडे एप्रिल लागला की गरम वारा सुटतो आणि घरभर बारीक माती बसते. कितीही पुसा, तासाभराने टेबलावर बोटाने नाव लिहिता येतं. माझ्या खिडकीच्या काचेवर, स्टुलावर, वाळलेल्या आकाशावरसुद्धा माती होती. ओल्या रंगाला तर ती चिकटायलाच हवी ना? त्या पाण्यावर एक कण नव्हता. चिलट नव्हतं. आणि टिनाची खोली भट्टीसारखी तापलेली असताना मी त्याच्यावर बोट टेकवलं तर... बोटाला गार लागलं.

मी हात मागे घेतला. हो, त्या क्षणी भीती वाटली. खोटं कशाला सांगू? खाली येऊन माठातलं पाणी प्यायले आणि ओट्याला टेकून उभी राहिले. चित्र गच्चीवरून उतरवून कुठंतरी टाकून यावं असंही वाटलं. पण मग दुसराच विचार आला, आणि तो इतका साधा होता की तो आधी का आला नाही याचंच नवल वाटलं. वाळलेल्या रंगात दुरुस्ती करणं म्हणजे चुकीवर दुसरा थर चढवणं. इथं तर सगळं अजून मोकळं आहे. हलवता येतंय. मग मी वाट कशाची बघतेय? काम का करत नाही?

दुसऱ्या दिवसापासून माझा दिवसच बदलला. सकाळी उजाडताच डोहावर जायचं. आता स्केचबुक नाही, काही नाही. नुसतं खडकावर बसून पाण्याकडे बघायचं. नदी तोवर आटून डोहापुरतीच उरली होती. मग घरी येऊन थेट वर, आणि डोळ्यांतला तो उजेड विसरायच्या आत रंग हलवायचा. ब्रश सोडले. बोटं, जुन्या सुती साडीची चिंधी, कधी नुसता तळहात. आणि हळूहळू लक्षात आलं की मी आयुष्यभर पाण्याला निळं रंगवत आले होते, आणि डोहात निळं असं जवळजवळ काही नव्हतंच. उंबराची सावली होती. खडकाचा तपकिरी काळेपणा होता. मधेच आकाशाचा एक तुकडा, आणि त्याच्या खाली तळाची हिरवट खोली. निळा मी पुसून काढायला लागले. काठाचा हिरवा रंग खाली ओढला. एखाद्या दिवशी सगळं बिघडायचं, तर दुसऱ्या दिवशी पुन्हा हलवता यायचं. कधीच काही बंद होत नव्हतं. इतक्या निर्धास्तपणे मी आयुष्यात कधी रंगवलं नव्हतं.

हे कॉलेजातून आले की वर डोकवायचे. “ओलंच?” “ओलंच.” एवढंच बोलणं. पुढे पुढे तर मला भीती वाटायला लागली, ती ते वाळेल याची.

मे महिन्यातली सकाळ. उंबराची सावली जिथं खोल पाण्यात शिरते, तिथं मला काहीतरी खटकत होतं. चिंधी बोटाला गुंडाळली आणि त्या गडद रंगातून एकदाच, वरून खाली, सरळ ओढली. मागे सरकले. अजून एक पाऊल मागे.

तिथं पाणी होतं.

“आई!” मी गच्चीवरून ओरडले. “आई, वर या!”

“काय झालं व? पडली का?” खालून आवाज.

“नाही पडले! या तुम्ही!”

एकेक पायरी धरत, मला बोल लावत त्या आल्या. मी बाजूला सरकले. त्या पदराने घाम पुसत चित्रासमोर आल्या. मग जे त्यांनी केलं ते मी मरेपर्यंत विसरणार नाही. चित्रावरची नजर न हलवता त्यांनी दोन्ही हातांनी निऱ्या धरल्या आणि लुगडं घोट्याच्या वर उचललं. पाण्यात उतरताना बायका उचलतात तसं.

आपण काय केलं हे त्यांच्या क्षणभराने लक्षात आलं. माझ्याकडे पाहिलं आणि हसायलाच लागल्या. हसता हसता डोळ्यांतून पाणी.

“पाय भिजतीन म्हटलं व माहे...”

मीही हसत होते, रडत होते. माझ्या रंगाने भरलेल्या हातांनी त्यांना मिठी मारली तर त्यांच्या पाठीवर माझ्या दहाही बोटांचे हिरवे ठसे उमटले. ते लुगडं त्यांनी अजून धुवायला टाकलेलं नाही.

दोघी खाली आलो. चहा केला, तो सावकाश प्यायलो. त्या त्यांच्या लहानपणच्या पोहण्याच्या गोष्टी सांगत होत्या. मग मी कप विसळून वर गेले, सही करायची म्हणून. सवयीने आधी पाण्याला बोट लावलं.

बोट कोरडं.

पुन्हा लावलं. तळहात टेकवला. नखाने ओरखडून पाहिलं. कडक. दगडासारखं वाळलेलं, आणि आता गार नाही, टिनाखालच्या बाकी सगळ्या वस्तूंसारखंच गरम. माझ्या पॅलेटवरचा रंग ओला होता. स्टुलावर टाकलेली चिंधी ओली होती. आईंच्या पाठीवरचे ठसे ओले होते. चित्र तेवढं वाळलं होतं.

हे जेवायला आले ते पायातले बूटही न काढता वर गेले. टर्पेंटाइनमध्ये फडकं भिजवून डोहावरून घासलं. फडकं पांढरंच्या पांढरं. मग चिंधी बाजूला करून ते स्टुलावर बसले.

“ऑइल पेंट असा वाळत नाही,” ते म्हणाले. “होऊच शकत नाही असं.”

“हाव,” मी म्हटलं.

“शुभांगी... पण काय काढलं तू हे!”

चित्र नागपूरला गेलं. या वेळी परत आलं नाही. निवडलं गेलं इतकंच नाही, उद्घाटनाला आम्ही तिघं गेलो तर हॉलमध्ये शिरताच समोरच्या भिंतीवर तेच होतं, आणि त्याच्या खाली पहिल्या पुरस्काराची चिठ्ठी. शेजारी आयोजकांनी घाईघाईत हाताने लिहून एक पाटी लावली होती, ‘रंग ओला आहे, कृपया हात लावू नये.’ मी तिथल्या एका कार्यकर्तीला सांगितलं, “अहो, हे तर केव्हाचं वाळलंय.” ती म्हणाली, “मॅडम, आम्हाला माहीत आहे. पण सकाळपासून जो येतो तो बोट लावूनच बघतोय. मग आम्ही पाटीच लावून टाकली.” आईंनी तिथंच उभ्या राहून येणाऱ्या प्रत्येकाला सांगितलं, ही माझी सून. ओळखीचे, अनोळखी, सगळ्यांना. स्टेजवर नाव पुकारलं तेव्हा टाळ्या वाजल्या, पण मला ऐकू आली ती ह्यांची शिट्टी. केमिस्ट्रीचे प्राध्यापक, पन्नाशी उलटलेले, दोन बोटं तोंडात घालून शिट्टी वाजवून राहिले होते.

आता विचारणारे विचारतात, तेलात भेसळ असेल, खोली दमट असेल, कॅनव्हासलाच काही असेल. ह्यांनी सगळं तपासून पाहिलं आहे. उरलेल्या ट्यूब, उरलेलं तेल, त्याच ताग्यातलं कापड. सगळं वाळतं, वेळेवर वाळतं. त्यानंतरची माझी सगळी चित्रंही तशीच, मुकाट्याने वाळली. ते चित्र तेवढे महिने का थांबलं आणि त्या सकाळी का थांबेनासं झालं, याचं उत्तर आमच्या घरात कोणाकडेच नाही. मी शोधायचंही सोडून दिलं.

येत्या हिवाळ्यात माझं एकटीचं पहिलं प्रदर्शन आहे. चारही भिंतींवर पाणीच असेल. शेतातली विहीर, सौसरकडचा पाझर तलाव, पावसाने भरलेली चाकोरी. काल सकाळी त्यातलं शेवटचं चित्र पूर्ण झालं. सही केली, ब्रश धुतले, आणि पाणी दिसतंय का हे कोणालाही न विचारता खाली येऊन सांगितलं, झालं.