आबाजींनी तपासलेला आठवडा

माझी बायको सुजाता गेली तो मंगळवार होता. मी वर्गात होतो. शिपाई आला आणि म्हणाला, फोन आहे. मी खडू ठेवला. दवाखान्यात पोचलो तेव्हा आबाजी बाकावर बसले होते. त्यांनी मान हलवली. आमची मुलगी मैत्री शाळेत होती. तिला आणायला मी गेलो.

त्यानंतर पाच महिन्यांनी मी आणि मैत्रीने वाशिम सोडलं.

आबाजी म्हणजे सुजाताचे वडील, माझे सासरे. जिल्हा परिषदेच्या शाळेत मुख्याध्यापक होते, निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली. सुजाता त्यांची एकुलती एक, आणि मैत्री आमची. मैत्री तेव्हा तेरा वर्षांची होती. ट्रॅव्हल्सची बस संध्याकाळी पाचला सुटायची होती. आजींनी ज्वारीच्या पिठाची पिशवी आणि ठेच्याची बरणी मैत्रीच्या पायाशी ठेवली आणि त्या खाली उतरल्या. आबाजी बसमध्ये चढलेच नाहीत. खिडकीपाशी उभे राहून म्हणाले, "सहा महिने पाहू जवाईबापू. पोरगी तिथं रमली नाई, तर मी येईन आन् घेऊन जाईन. तुमी आडवं यायचं नाई."

मी हो म्हणालो. मग त्यांनी खिडकीतून हात आत घालून मैत्रीच्या डोक्यावर ठेवला आणि म्हणाले, "जयभीम, बेटा." बस सुटेपर्यंत तो हात तिथेच होता.

का गेलो, असं वाशिममधल्या आपल्या माणसांनी मला पुष्कळदा विचारलं आहे. मला नीट सांगता आलं नाही, म्हणून इथे लिहितो. सुजाताला सगळं गाव ओळखत होतं. भाजी घ्यायला गेलो की वजन करता करता माणूस थांबायचा, तराजू तसाच धरून उभा राहायचा. त्याला माझी दया येत होती, आणि त्याची चूक काहीच नव्हती. पण अर्धा किलो वांगी घ्यायला मला रोज तेवढं बळ आणावं लागायचं. वर्गात फळ्यापाशी उभा राहिलो की दाराकडे लक्ष जायचं. अशात एका जुन्या मित्राने कळवलं की मुंबईत मालाडच्या एका आंतरराष्ट्रीय शाळेला मराठीचा शिक्षक हवा आहे, आणि शिक्षकांच्या मुलांना तिथे शिकता येतं. मी अर्ज केला.

या शाळेत खडू नाही. तासाची घंटाही नाही, तो आपोआप बदलतो आणि मुलं दप्तर न आवरता दुसऱ्या खोलीत जातात. मला ती गौतम सर म्हणतात आणि त्याच वाक्यात तू म्हणतात. "गौतम सर, तू आज प्रेझेंटेशन घेणार आहेस ना?" पहिल्या आठवड्यात मी दचकायचो. आता वाटतं, घरात जी भाषा ऐकली नाही ती ही मुलं माझ्याशी बोलून पाहतात, तेवढं पुरे.

दर शुक्रवारी दुपारी शाळा पालकांना एक पत्रक पाठवते. आठवड्यात काय काय झालं, पुढच्या आठवड्यात काय आहे, कोणाला कशाचं बक्षीस मिळालं. सगळे त्याला वीकली अपडेट म्हणतात. मी ते मराठीत करून आबाजींना व्हॉट्सॲपवर पाठवू लागलो. वर काही लिहायचो नाही, पण आम्हा दोघांना ठाऊक होतं की हा मैत्रीचा अहवाल आहे. शनिवारी सकाळी त्यांचा फोन यायचा. तो फोन म्हणजे शाळा तपासणीच असायची.

"बुधवारी पोरायनं तीन घंटे झाडाखाली बसून चित्रं काढली म्हणता. मंग गणित कवा केलं?"

"गणित सोमवारी असतं आबाजी."

"आन् हे 'भावनांचं वर्तुळ' काय असते?"

"मुलं गोल बसतात आणि आपल्याला कसं वाटतं ते सांगतात."

 मग विचारायचे, "आपली काय सांगते?"

 मैत्री काही सांगत नव्हती. मी केलेलं खात होती, अभ्यास वेळेवर करत होती, विचारलं की "ओके आहे बाबा" म्हणत होती. पण वाशिम सोडल्यापासून तिने आईचं नाव एकदाही घेतलं नव्हतं. ती रडली असती तर मला कळलं असतं काय करायचं. रमली का, या प्रश्नाला मी दर शनिवारी "रमतेय" म्हणत होतो आणि फोन ठेवल्यावर मलाच ते खरं वाटत नव्हतं.

सहा महिने झाले आणि आबाजी आले. रविवारी सकाळी आले, अंघोळ केली, चहा घेतला. कप खाली ठेवून म्हणाले, "शनिवारची परतीची दोन तिकिटं काढली आहेत." मैत्री तिथेच बसली होती. ती उठली आणि कपबशा धुवायला गेली.

शाळेत तो 'ओपन वीक' होता. म्हणजे घरची माणसं वर्गात येऊन बसू शकत होती. एरवी आया येतात, अर्धा तास बसतात, फोटो काढतात. आबाजी पाचही दिवस पहिल्या तासापासून हजर होते, पांढरा सदरा घालून, खिशाला दोन पेनं लावून.

सोमवारी सकाळच्या सभेत सगळ्यांनी दोन मिनिटं डोळे मिटून श्वासाकडे लक्ष द्यायचं होतं. आबाजी गेली तीस वर्षं पहाटे आनापान, म्हणजे श्वासाचं ध्यान, करतात. दोन मिनिटं संपली, मुलं उठली, वर्गात गेली. आबाजी बसूनच राहिले. कोऑर्डिनेटर शाह मॅमनी मला हळूच विचारलं, "गौतम, अंकल ठीक आहेत ना?" पाऊण तासाने त्यांनी डोळे उघडले आणि रिकाम्या हॉलकडे पाहून म्हणाले, "लवकर उरकलं यायनं."

मंगळवारी मुलांनी संयुक्त राष्ट्रांची सभा भरवली. मैत्रीला नॉर्वे देश मिळाला होता. समुद्रातल्या माशांवर ती चार मिनिटं इंग्रजीत बोलली. घरी आल्यावर आबाजी म्हणाले, "बोलली चांगली. पन वाशिमच्या पोरीनं नॉर्वेचं गाऱ्हाणं काऊन मांडावं?" मैत्रीने खांदे उडवले. बुधवारी मैत्रीच्या वर्गाची, आठवीची मुलं जवळच्या महापालिका शाळेतल्या लहान मुलांना गोष्टी वाचून दाखवायला गेली. तिथे आबाजी गोष्ट सांगायला बसले आणि उठेनात, तेव्हा मैत्रीची मैत्रीण आर्या म्हणाली, "यार मैत्री, तुझे आजोबा झकास आहेत. त्यांना इथेच ठेव ना!"

"ते मलाच तिकडे न्यायला आलेत," मैत्री म्हणाली.  आर्याचा चेहरा उतरला. मी गोष्टींची पुस्तकं गोळा करत होतो, करत राहिलो.

गुरुवारी विद्यार्थी-पालक भेट होती. आपल्याकडे पालकसभेत शिक्षक बोलतो आणि मूल कोपऱ्यात उभं राहतं. इथे मूल आपल्या घरच्या माणसाला टेबलापाशी बसवून आपलं काम स्वतः दाखवतं, आणि शिक्षकाने एक शब्द बोलायचा नाही, असा नियम आहे. पालकाचं नाव मुलाने आधी लिहून द्यायचं असतं. मैत्रीने आबाजींचं दिलं होतं. मला ते यादीत कळलं. त्या वेळी माझी हॉलमध्ये ड्यूटी होती, वीस मिनिटं झाली की टेबलावरची लहान घंटा वाजवायची. मैत्रीचं टेबल माझ्यापासून दोन हातांवर होतं.

पालकांसाठी प्रश्नांचं कार्ड ठेवलेलं असतं. आबाजींनी ते पालथं ठेवलं आणि म्हणाले, "वाच."

तिने विज्ञानाची वही उघडली. ध्वनीच्या धड्यासाठी मुलांनी आठवडाभर घरातले आवाज मोजायचे होते, मोबाइलवरच्या मापकाने. वही इंग्रजीत होती. ती आबाजींसाठी मराठीत करून वाचू लागली, आणि दोन ओळींत तिची बोली वाशिमची झाली. सहा महिन्यांत मी ती ऐकली नव्हती.

"सकाळी सहा दहा. नळाले पानी येते. साठ डेसिबल. सहा चाळीस, कुकर. तीन शिट्ट्या. चौथी बाबा होऊ देत नाहीत, खालच्या काकू ओरडतात." पान उलटलं. "सहा पन्नास. बाबा बोलतात. अडतीस डेसिबल."

"कोनाशी? फोनवर?"

"आईशी."

आबाजींनी चष्मा काढला.

मी सकाळी स्वयंपाक करताना बोलतो हे मला ठाऊक होतं. मोठ्याने बोलतो हे ठाऊक नव्हतं. मैत्री त्या वेळी झोपलेली असते असं मी धरून चाललो होतो.

"काय बोलतात?"

"काही नाही. आज भाजी कोणती करू. मैत्रीले खोकला झाला. कालचा तास चांगला झाला. असंच."

"आन् तू?"

"मी झोपल्यासारखी पडून रायते. सगळं ऐकते."

आबाजींनी चष्मा परत लावला. मग त्यांनी सरळ विचारलं, "वाशिमले येतं का माह्यासंगं?"

"आजीची आठवण येते," मैत्री म्हणाली. "पन मी आली तर हे ऐकाले कोनी नाही ना, आबाजी."

वीस मिनिटं झाली होती. शाह मॅम लांबून घड्याळाकडे बोट दाखवत होत्या. मी घंटा वाजवली नाही. 

शेवटी पालकाने एक रंगीत कागद भरायचा असतो. त्यावर दोन तारे छापलेले असतात, ताऱ्यांत मुलाच्या दोन चांगल्या गोष्टी लिहायच्या आणि खाली एक इच्छा. आबाजींनी खिशातलं दुसरं पेन काढलं. ते लाल होतं. तारे सोडून त्यांनी कागदाच्या मागच्या कोऱ्या बाजूला, शाळा तपासणीच्या शेरेबुकात लिहावं तसं, लिहिलं: 'इयत्ता आठवी. विद्यार्थिनीचे काम समक्ष पाहिले. वाचन स्पष्ट. नोंदी खऱ्या. इंग्रजी अक्षर सुधारावे. विद्यार्थिनीस वडिलांजवळ ठेवावे.' खाली सही केली, तारीख घातली आणि कागद शाह मॅमच्या हातात दिला.

त्यांनी तो उलटसुलट पाहिला. "दादाजी, दो स्टार कहाँ हैं?"

"आमच्या तपासणीत तारे नव्हते बाई."

मैत्रीने तोंडावर हात धरला. "आबाजी, लाल पेन इथे अलाउड नाही. मुलांना वाईट वाटतं म्हणे."

"काऊन वाईट वाटते? आमची पोरं लाल शाई पाहून खुश व्हायची. कोनीतरी वाचलं म्हनून."

आणि ती हसली. आवाज करून हसली, मागच्या टेबलावरची माणसं वळून पाहू लागली तरी थांबेना.

शुक्रवारी सकाळी मी ओट्यापाशी उभा होतो आणि माझ्या तोंडून शब्द फुटेना. आपण ऐकले जातोय हे कळल्यावर माणूस अवघडतो. आबाजी बाहेरच्या खोलीत भिंतीशी डोळे मिटून बसले होते. मैत्री उठून आली. केस पिंजारलेले, डोळे अर्धवट उघडे. कुकरकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं.

"आज बोलत नाही का?"

मी मान हलवली.

ती ओट्याला टेकून उभी राहिली. "आई, आज भेंडी आहे," ती म्हणाली. "बाबांनी परत जाड चिरलीय." मग थोडं थांबून, "आबाजी आलेत. मी राहतेय इथेच."

कुकरची चौथी शिट्टी झाली, पाचवीही झाली. खालच्या काकूंनी खिडकीतून हाक मारली. आम्ही दोघं तिथेच उभे होतो, आणि मैत्री माझ्या सदऱ्यात तोंड घालून रडत होती. बाहेरच्या खोलीतून आबाजी म्हणाले, "गॅस बंद करा बापा कोनी." 

त्या दुपारच्या पत्रकात गुरुवारबद्दल एक ओळ होती: भेटींमध्ये कुटुंबांचा सहभाग उत्साहपूर्ण होता. मी ती तशीच मराठीत केली आणि सवयीने आबाजींना पाठवली. ते समोरच बसले होते. त्यांनी फोन लांब धरून वाचली आणि म्हणाले, "बरोबर आहे."

शनिवारी त्यांना बसपर्यंत सोडलं. दुसऱ्या तिकिटाच्या सीटवर त्यांनी आपली पिशवी ठेवली. या वेळी मैत्री खिडकीखाली उभी होती. ते तिला म्हणाले, "उन्हाळ्यात ये. बापालेही आन." मला म्हणाले, "अपडेट पाठवत जा." 

माझ्यासारखे जे कुठून कुठून निघून इकडे आले, त्यांना मी सांगू शकेन असं फार थोडं आहे. इथे येऊन माझं दुःख कमी झालं नाही. इथे भाजीवाला तराजू धरून थांबत नाही, हे खरं, पण त्यामुळे कधी कधी दिवसभर सुजाताबद्दल कोणी विचारत नाही, हेही खरं. घर कुठलं, असं शाळेत कोणी विचारलं तर मैत्री मालाड म्हणते आणि मी वाशिम म्हणतो. आम्ही एकमेकांना दुरुस्त करत नाही. सकाळी आता आम्ही दोघं बोलतो. रविवारी आजींना फोन करतो आणि मैत्री त्यांनाही आईच्या गोष्टी विचारते. त्या आधी टाळायच्या, आता सांगतात.

सुजाता नाही. आम्ही चार माणसं आहोत, दोन वाशिमला आणि दोन मालाडला.