डोंगर शेवटच्या दिवशी

काका उलटे चालायचे.

तोंड आपल्याकडे, पाठ रस्त्याकडे, एक हात हवेत, आणि पाय संथपणे मागे मागे पडत जायचे. "मंडळी, आधी डावीकडे बघा. उजवीकडचं पळून जात नाही," असं म्हणता म्हणता ते मागचा खांब न बघता चुकवायचे. खांबालाच त्यांची सवय झाली असावी, असं मला वाटायचं.

तुम्ही कधी मराठी मंडळींबरोबर टूरला गेला असाल, तर असा माणूस तुम्हीही पाहिला असेल. बसमध्ये माइक धरून उभा राहणारा, कुणाला पित्त होतं आणि कुणाला खिडकी लागते हे पाठ असणारा, सगळ्यांचं झाल्यावर गार पोहे खाणारा. काकांची हयात काठमांडूच्या खोऱ्यात मराठी माणसं फिरवण्यात गेली. पशुपतिनाथ, पाटण, भक्तपूर, स्वयंभूची माकडं आणि शेवटी नगरकोटचा सूर्योदय. निवृत्त झाले, पण पाय काही निवृत्त झाले नाहीत.

मला ते प्रथम दिसले ते डब्लिनच्या सँडीफोर्डमध्ये, आमच्या बिल्डिंगच्या अंगणात, वीस सालच्या वसंतात. ऑफिस घरात आलं होतं, समोरून लुआस ट्राम रिकामी जायची, रिकामी परत यायची, आणि मी बाल्कनीत उभा राहून जगाचं काय होणार याचा विचार करत बिस्किटं संपवत होतो. खाली माकडटोपी घातलेले एक गृहस्थ एकटेच बोलत उलट्या फेऱ्या मारत होते. मी सुशिक्षित माणूस. फॉरवर्ड होऊन आलेले आरोग्याचे सगळे व्हिडिओ पाहिलेला. हा गुडघ्यांचा व्यायाम आहे हे मी ताबडतोब ओळखलं आणि दुसऱ्या दिवसापासून माझ्या कंबरेसाठी तोच सुरू केला. फार टिकला नाही. मी कडेच्या काटेरी झुडपात बसलो. पडलो नाही, रीतसर बसलो.

हात द्यायला कुणी जवळ येण्याचे ते दिवस नव्हते. काका दोन मीटरवर थांबले आणि त्यांनी मला तोंडी बाहेर काढलं. "आधी डावा हात मोकळा करा. घाई नाही. आता उजवा पाय. समोर बघा, खाली काय बघता?" बाहेर आल्यावर त्यांनी मला निरखलं आणि म्हणाले, "मी सवयीनं चालतो हो असा. तुम्ही कशापायी?"

त्यांची मुलगी मुग्धा आमच्या वरच्या मजल्यावर राहायची. औषधांच्या कारखान्यात होती, त्यामुळे तिला रोज जावंच लागायचं. तिला बाळ झालं तेव्हा आपल्याकडच्या आईबाप लोकांची इथं जी रीत आहे तीच तिनं केली. तीन महिन्यांचा व्हिसा, म्हणून दोघं एकदम नाहीत. आधी काकू आल्या, त्यांचे महिने संपले तेव्हा काका निघाले. म्हणजे कारखान्यात पाळी बदलते तसं. "मी येत होतो आणि ही जात होती. कुठंतरी तुर्कस्तानावर आम्ही एकमेकांवरून गेलो असू," काका सांगायचे. त्यांचे तीन महिने झाले की ते नाशिकला परतणार होते आणि मग दोघं मिळून काठमांडूला जाणार होती. कारण काकूंनी ते खोरं एकदाही पाहिलं नव्हतं. सीझनमध्ये नवरा दुसऱ्यांना घेऊन तिकडे, सीझन संपला की मुलांच्या परीक्षा, मग सासूबाईंचं अंथरूण. सासूबाई गेल्या, काका निवृत्त झाले, आता मोकळी झाली म्हणेपर्यंत विमानं बंद झाली.

पुढे विमानं सुरू झाली तरी काका अडकलेच. व्हिसाला सरकार आपणहून मुदतवाढ देत होतं. पाळणाघरं बंद, जावयाला घरातून काम, काकांच्या हृदयात स्टेंट. आणि काकूच फोनवर बजावायच्या की बाळाला सोडून येऊ नका, माझं इथं छान चाललंय. पुढच्या महिन्यात, पुढच्या महिन्यात करत वर्ष सरायला आलं.

तोवर काकांनी आमची टूर काढली होती. रविवारी सरकारनं आखून दिलेल्या पाच किलोमीटरच्या आत आम्ही चारदोन मराठी घरं चालायला निघायचो, मधे दोन दोन मीटर सोडून. मराठी पर्यटक न सांगता रांगेत चालताना काकांनी हयातीत प्रथमच पाहिले. ते पुढे, उलटे. ऑफिसांचा ओसाड कारपार्क म्हणजे पाटणचा दरबार चौक. काचेची रिकामी इमारत म्हणजे भक्तपूरचं पाच छपरांचं देऊळ. "पायऱ्यांवर खाली दोन मल्ल, त्यांच्या दसपट ताकदीचे वर हत्ती, त्यांच्या दसपट सिंह. दही शेवटी, मातीच्या वाटीतलं. वाटी घरी नेता येते." आम्ही त्या काचेकडे बघायचो आणि खरंच तोंडाला पाणी सुटायचं.

एकदा एका गार्डानं, म्हणजे इथल्या पोलिसानं, गाडी थांबवून विचारलं, कुठे चाललात. मी सारवासारव करायला तोंड उघडलं, त्याच्या आत काकांनी सांगून टाकलं, "भक्तपूर, सर."

"ते पाच किलोमीटरच्या आत येतं का?" गार्डानं विचारलं.

"येस सर. वॉकेबल."

"ग्रँड सो," म्हणजे इथल्या बोलीत 'मग ठीक आहे', असं म्हणून तो गेला. घाबरून मी मात्र त्याला आमचा पिनकोड सांगत राहिलो होतो, तोही पुण्याचा.

शहाणपणा करायची मला खोड आहे. एकदा मी म्हणालो, काका, तुम्ही सांगताय त्यातली दोन देवळं तर भूकंपात पडली. ते थांबले. "पडली. पण तुमच्या तिकिटात आहेत. म्हणजे दाखवणार."

डोंगर मात्र दाखवत नसत. आमच्या मागेच डब्लिनचे डोंगर आहेत, अंतरातही बसत होते. तिथं जाऊ आणि त्याला नगरकोट म्हणू, असा मी कितीदा लकडा लावला. काकांचं उत्तर ठरलेलं. "डोंगर शेवटच्या दिवशी. आधी दाखवला की देवळात चपला काढायलासुद्धा माणसं कुरकुरतात. डोंगर बघितला की माणूस मनानं घरी पोचतो. टूर संपली मग."

हिवाळ्यात निर्बंध पुन्हा आवळले. दुपारीच अंधारायचं, बातम्या ऐकाव्याशा वाटत नसत, आणि बाळ सोडून कुणीच मोठ्यानं हसत नव्हतं. मग आम्ही टूर स्क्रीनवर नेली. काका बोलणार, मी फोटो दाखवणार. पहिल्याच रविवारी पशुपतिनाथाच्या जागी मी माझी स्वतःचीच स्क्रीन सगळ्यांपुढे ठेवली आणि पोट कमी करण्याचे घरगुती उपाय शोधलेले समस्त मंडळींनी वाचले. काका म्हणाले, "हे मंदिर नंतर बघू."

या टूरला नाशिकहून काकू यायच्या. एका बाजूला मेथी निवडत बसलेल्या, चष्मा कपाळावर. बोलायच्या कमी. नवरा इतकी वर्षं नेमकं काय करत होता ते त्या पहिल्यांदाच बघत होत्या. काकांचा आवाज त्या आल्या की थोडा चढायचा, हे आम्ही सगळ्यांनी हेरलं होतं.

देवळं झाली, जुनी गावं झाली, आणि नगरकोटचा रविवार आला. काकांनी पहाटेची थंडी सांगितली, शालीत गुंडाळलेली माणसं सांगितली, चहावाला सांगितला. मी फोटो लावणार एवढ्यात काकूंनी मेथी बाजूला ठेवली.

"अहो, उजेड आधी कुठल्या शिखरावर येतो?"

"उजेड आला की लोक एकदम गप्प होतात," काका म्हणाले. "आणि मग टाळ्या."

"लोकांचं नाही विचारलं. तुम्हाला कसं दिसतं?"

स्क्रीनवरचे काका हलेनात. नेट गेलं की काय म्हणून मी उगाच दोन बटणं दाबली आणि मुग्धाचा आवाज बंद करून ठेवला.

"मी नाही बघितलं कधी," काका म्हणाले. "मी लोकांकडे तोंड करून असतो ना. कुणाला चक्कर येते, कुणी कठड्यावर चढतं. त्यांच्या तोंडावर उजेड पडला की समजायचं, झालं."

काकूंनी चष्मा खाली ओढला.

"बरं. मग मी येईन तेव्हा तुम्ही डोंगराकडे तोंड करून उभे राहा. लोकांचं मी बघते."

काकांनी मला फोटो लावू नका म्हणून सांगितलं. आता तो डोंगर दोघं एकदमच बघणार होती. टूर तिथंच थांबवली. त्या आठवड्यात त्यांनी मुग्धाचं काही ऐकलं नाही, एप्रिल अखेरचं तिकीट काढून घेतलं.

एप्रिलमध्ये तिकडे काय झालं ते तुम्हाला सांगायला नको. आपल्यापैकी प्रत्येकाच्या फोनमध्ये त्या महिन्यातला एखादा नंबर अजून असेल, न पुसलेला. काकूंना ताप आला, त्या एका खोलीत एकट्या राहिल्या, आणि शेजारी राहणारा पुतण्या दारात ताट ठेवायचा. काकांचं विमान वाटेतल्या कुठल्याशा देशानं रद्द केलं. दुसरं काढलं, तेही गेलं.

बाळ दुपारी झोपलं की काका खाली अंगणातल्या बाकावर यायचे. मी दुसऱ्या टोकाला, माझ्या लॅपटॉपवर फोटो घेऊन. काकूंना बोलायला धाप लागायची, म्हणून काका बोलायचे. टूर पुन्हा पहिल्यापासून. पण यावेळी ती पुढे सरकत नव्हती. पाटणच्या एका चौकात आम्ही दिवसच्या दिवस काढले. एकेक खिडकी, एकेक खांब. खिडकीच्या लाकडात कोरलेला मोर त्यांनी पिसापिसानं सांगितला. मी, नेहमीचा अतिशहाणा, हळूच म्हणालो, काका, भक्तपूर राहिलं. त्यांनी माझ्याकडे बघितलं फक्त. मला कळायला उशीर लागतो, पण कळतं. त्या दिवसापासून मी मोराचेच आणखी फोटो शोधून ठेवू लागलो.

एके दिवशी काकूंनी स्वतःहून तोंड उघडलं. आवाज अगदी बारीक झाला होता.

"आज डोंगर दाखवा ना."

माझ्याकडे तो फोटो तयार होता. बोट बटणावर होतं. काकांनी माझ्याकडे न बघता हात आडवा केला, रस्त्यात मुलाला थोपवावं तसा.

"आज नाही. डोंगर शेवटच्या दिवशी. अजून पुष्कळ बघायचंय आपल्याला. तू बरी हो, मी येतोय."

"बरं," काकू म्हणाल्या. "मोराचं सांगा परत."

दुसऱ्या दिवशी त्यांना दवाखान्यात हलवलं. तिथं फोन लागत नव्हता. काका दुपारच्या वेळेला येऊन बाकावर बसत होते, मीही बसत होतो. लॅपटॉप मांडीवर बंद. मग एका दुपारी ते आले नाहीत आणि वरून बाळाचं रडणं बराच वेळ ऐकू येत राहिलं.

पुतण्यानं काकूंचं शेवटचं सगळं केलं. काकांनी ते फोनवर बघितलं, उभं राहून. मुग्धा म्हणाली, बसा हो बाबा. ते बसले नाहीत.

नंतर ते बाळाला गाडीत घालून फिरवायचे, चारचौघांसारखे सरळ चालत. भेटले की "काय, ग्रँड ना?" असं इथलं विचारायचे आणि उत्तराला थांबायचे नाहीत. तो हात आडवा केला त्याबद्दल ते माझ्याशी कधी बोलले नाहीत. मला विचाराल तर त्यांनी एवढंच केलं. टूर संपल्याशिवाय माणूस सोडायचा नाही, हे ते जन्मभर पाळत आले होते, आणि तो फोटो दाखवला नाही तर टूर संपत नाही, असं त्यांनी मनात धरलं. मीही त्यांच्या जागी तेच धरलं असतं. तुम्हीही.

शरद ऋतूत काका परत गेले. नाशिकला चार दिवस राहिले आणि कुणाला न सांगता एकटेच नगरकोटला पोचले. आमच्या रविवारच्या ग्रुपवर त्यांचा निरोप आला: "सुखरूप पोचलो. पहाटे ढग होते. काही दिसलं नाही. उद्या बघू."

ग्रुपवर सगळ्यांनी हळहळ व्यक्त केली. दुसऱ्या दिवशी तेच. "आजही ढग." तिसऱ्या दिवशीही. मुग्धा म्हणाली, बाबांनी परतीचं तिकीट पुढे ढकललंय, आता हवाच अशी आहे तर काय करणार.

मला नसत्या चौकशा करायची सवय. मी फोनवर तिथली हवा बघितली. मग कुणा परदेशी प्रवाशानं त्याच पहाटे तिथूनच टाकलेले फोटो बघितले. आकाश धुतल्यासारखं स्वच्छ होतं. सगळी शिखरं एका ओळीत उभी होती. आठवडाभर तिथं एकही ढग आला नव्हता.

पहिल्यांदा मला गंमत वाटली, खोटं सांगायचं नाही. काकांना पकडलं म्हणून मी त्यांना चिडवणारं काहीतरी लिहिलंसुद्धा. मग त्या पहाटे ते कुठं उभे असतील, आणि तोंड कुणीकडे असेल, हे माझ्या डोळ्यांसमोर आलं. लिहिलेलं सगळं पुसलं.

"काका," मी लिहिलं, "तिथले ढग लवकर हलत नाहीत म्हणे. घाई करू नका."